शिट्टी घरी ठेवून गेलेला कुकर

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप खिशाकडे जातो. पोलिसातल्या नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, घाटातल्या ओढ्यांकाठी हातभट्ट्यांवर किती धाडी घातल्या त्याची गणती नाही. पण ज्या तपासात मला खरी भीती वाटली, तो मी निवृत्तीनंतर केला, परमुलखात, स्वतःच्या मुलीच्या घरी. गुन्हा कुठे नोंदवला गेला नाही, त्यामुळे नावे देत नाही. संशयित माझा जावई होता, एवढे पुरे.

मुलगी नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला राहते. तिचे दिवस भरत आले होते म्हणून मी आणि माझी बायको तिकडे गेलो होतो. मुलीचा रक्तदाब वाढला होता. तपासायला येणाऱ्या सुईणबाईंनी पडून राहायला सांगितले होते आणि मनाला ताण होईल असे काही तिच्या कानावर घालू नका, असेही बजावले होते. जावई पुण्याचा, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. अबोल, सरळमार्गी मुलगा. सकाळी सासूने भरलेला डबा घेऊन सायकलवर निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. मी आपला ठाण्यातली सवय म्हणून रोज घराला एक फेरी मारायचो, कड्या-कोयंडे बघायचो आणि मुलीची बोलणी खायचो.

खबर दिली ती बायकोने. तिच्याइतकी भरवशाची खबरी मला नोकरीत मिळाली नाही.

"अहो, मोठा कुकर दिसत नाहीये कुठे. शिट्टी आहे ड्रॉवरमध्ये, पण कुकर नाही."

"शेजारी दिला असेल."

"त्या डच बाई कुकरला घाबरतात. आणि शिट्टीशिवाय कोण नेईल?"

मी जागच्या जागी थांबलो. भात शिजवायचा तर शिट्टी लागतेच. शिट्टी नको असेल, तर झाकणावरच्या त्या तोटीला दुसरे काहीतरी जोडायचे असते. काय जोडतात ते मला चांगलेच माहीत होते. शिट्टी उचलून मी खिशात टाकली आणि मागच्या बागेत गेलो.

बागेच्या टोकाला लाकडी शेड होती. तिला एक दार बागेकडून आणि दुसरे मागच्या अरुंद वाटेकडून. मी कधी आत गेलो नव्हतो, कारण तिथे सायकली ठेवतात एवढेच मला ठाऊक होते. आत विजेच्या शेगडीवर आमचा कुकर. तोटीवर रबरी नळी घट्ट बसवलेली, ती पुढे तांब्याच्या वेटोळ्याला जोडलेली, आणि वेटोळे पाण्याच्या बादलीत. कोपऱ्यातल्या पिंपात सफरचंदाचा रस आंबत होता. त्या आंबूस वासाने मी एका क्षणात घाटात पोचलो.

नोकरीत असताना माझ्या हद्दीतल्या एका घरात असाच कुकर लावलेला होता. आंबलेला चोथा नळीत अडकला आणि झाकण उडाले. त्या खोलीत एक बाई भाकऱ्या थापत होती. तिचा जबाब घ्यायला मी इस्पितळात गेलो तेव्हा तिच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. इथे तर शेडला खिडकीही नव्हती, आणि दारातून समोरच मुलीच्या झोपायच्या खोलीची काच दिसत होती.

दुसरी भीती कायद्याची होती. घरी दारू गाळायला तिकडेही परवानगी लागते आणि ती अशी कुणालाही मिळत नाही. जावई नोकरीच्या परमिटवर राहणारा परदेशी माणूस. आयुष्यभर मी लोकांची दारे वाजवली, आता या दारावर कोणी थाप मारली तर काय, या विचाराने दुपारी मी भरले ताट तसेच ठेवून उठलो. मुलीने विचारले, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" मी म्हणालो, हवा मानवत नाही.

संध्याकाळी जावई आला तसा मी त्याला शेडमध्ये घेऊन गेलो. चौकशीला बसल्यावर मी आधी काही बोलत नाही. समोरचा माणूस गप्प राहिलेले सहन करू शकत नाही आणि स्वतःच सुरुवात करतो. हा तर मी बसायच्या आधीच बोलू लागला.

"हो बाबा, मीच केलंय हे. सॉरी. अजून फक्त पाणी उकळून पाहिलंय, उद्या रस घालणार होतो. खरं तर नीट यंत्र विकत घ्यायचंय. पहिलंच आहे ना, म्हणून छोटंच बघतोय." त्याने फोन पुढे केला. "हे बघा, हे तांब्याचं, कांद्यासारखं झाकण असलेलं. हे स्टीलचं, खालूनच विजेवर तापतं. काचेचंही आहे, पण फुटेल असं वाटतं. तांबं चांगलं म्हणतात, पण ते घासायचं किती! तुम्ही यातलं कुठलं घ्याल?"

मीही माणूसच. जन्मभर जी यंत्रे फोडली, त्यांतले चांगले कोणते हे विचारणारा पहिलाच भेटला होता.

"तोंड रुंद पाहिजे, म्हणजे अडकत नाही," मी म्हणालो. "सांधे शिशाने डागलेले नकोत, त्यानं माणसं मेलेली पाहिलीत मी. उघड्या जाळावर ठेवायचं नाही. आणि इथे पाणी किंवा फुलांचा अर्क, बाकी काही नाही. कधीपासून बघताय?"

"झाले बरेच आठवडे."

"मग घेतलं का नाही?"

त्याने फोन खिशात घातला.

इथे मला खटकले. नोकरीत एक गोष्ट पक्की कळली होती. जो पहिल्याच प्रश्नाला सगळे कबूल करतो, तो दुसरा प्रश्न येऊ नये म्हणून कबूल करत असतो. मी त्याच्यावरून नजर काढून शेडकडे पाहिले; सकाळी कुकरपुढे बाकी काही दिसलेच नव्हते. घडीची खुर्ची, तिच्यावर पांघरूण. फोनचा चार्जर. फळीवर पाण्याची बाटली आणि तिच्या बाजूला एक डबा. तो सकाळी बायकोने भरलेला डबा होता. ऑफिसातून थेट घरी आलेल्या माणसाचा डबा त्याच्या पिशवीत असतो. त्याची पिशवी अजून खांद्यावरच होती.

"हा डबा इथे कसा?" मी विचारले.

मी डबा उघडला. भाजी खाल्लेली, पोळी तशीच.

"तुम्ही पुढच्या दाराने ऑफिसला जाता," मी म्हणालो, "आणि मागच्या वाटेने इथे येऊन बसता. कधीपासून?"

तो खुर्चीवर बसला आणि रडला. मोठा माणूस आवाज दाबून रडतो तेव्हा बघवत नाही.

"नोकरी गेली, बाबा. आमचा अख्खा ग्रुपच बंद केला. नवी नोकरी शोधायला थोडेच महिने देतात, नाहीतर परमिट जातं. इंटरव्ह्यू देतोय, आज सकाळीही तिकडेच होतो. कुणी कळवत नाही. तिचं बीपी आधीच वाढलंय, तिला कसं सांगू? डोकं फिरायला लागलं. हे यंत्रांचं बघत बसलं की बरं वाटायचं. किती लिटर, कुठला धातू, किती वॅट. यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं."

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. त्या बिनखिडकीच्या शेडमध्ये माझा जावई थंडीत कुडकुडत दिवस काढत होता आणि वीस पावलांवर घरात मी टीव्ही बघत बसलो होतो. लग्न झाल्यापासून मी त्याला अहो-जाहो करत आलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा "अरे" म्हणालो.

"अरे, मला सांगून काय उपयोग? पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. तो मॅजिस्ट्रेटपुढे द्यावा लागतो."

"म्हणजे?"

"तुझा मॅजिस्ट्रेट वर झोपलाय."

"तिला काही झालं तर?"

सुईणबाईंचे बजावणे मीही ऐकले होते. पण तिला ते आज ना उद्या कळणारच होते, आणि ते एखाद्या पत्रातून कळण्यापेक्षा त्याच्या तोंडून कळलेले बरे, असे मला वाटले. आम्ही मिळून पिंप रिकामे केले, नळी काढली, कुकर धुतला. मग तो वर गेला.

मॅजिस्ट्रेट कबुलीजबाब घेतात तेव्हा पोलिसाला बाहेर काढतात. तसा नियमच आहे, आरोपीवर दडपण नको म्हणून. नोकरीत असा मी कोर्टाच्या व्हरांड्यात कितीदा उभा राहिलो, चहा पीत, निर्धास्त. त्या दिवशी बायकोला सगळे सांगून मी तिच्यासह बागेत उभा राहिलो. वरच्या खोलीतून आधी मुलीचा चढलेला आवाज आला. बायको म्हणाली, "तुमच्यामुळे तिचं काही बरंवाईट झालं, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही." मी मान हलवली. डॉक्टरांचा नंबर फोनवर काढून ठेवला होता.

बऱ्याच वेळाने बागेचे दार उघडले. मुलगी स्वतः खाली आली होती, पोटावर हात ठेवून. डोळे सुजलेले. मागे तो, खाली मान घालून. ती आईकडे न बघता सरळ माझ्यासमोर आली.

"बाबा, शिट्टी द्या. आई म्हणाली होती, तुम्ही जप्त केलीत. मला भूक लागली आहे आणि हा आज दुपारी धड जेवलेला नाही."

मी खिशातला हात बाहेर काढला. शिट्टी मी इतकी आवळून धरली होती की तळव्यावर तिचा वण उमटला होता. तिने तो पाहिला आणि शिट्टी उचलून घेतली.

निकालही तिनेच दिला. यंत्र घ्यायचे, पण सगळ्यात छोटे, आणि आजच निवडायचे. उद्यापासून नोकरीचे अर्ज घरातल्या टेबलावर, तिच्यासमोर बसून करायचे. तांब्याचे ते लहानसे यंत्र आता त्यांच्या खिडकीत आहे. त्यातून बागेतल्या गुलाबांचे पाणी निघते आणि ते नातीच्या अंघोळीत घालतात.

खरे काढून घेतले की तपास संपला, असे मी नोकरीभर मानत आलो. ते खरे ज्याचे त्याला पोचले की नाही, हे पाहायचे काम माझे नव्हते. या एका तपासात ते पाहावे लागले आणि त्याचाच घोर सर्वात जास्त लागला.

आम्ही परत आल्यावर एका सकाळी जावयाचा फोन आला. तिकडच्याच ब्रेडा शहरात नोकरी लागली होती. पण बातमी सांगण्याआधी तो म्हणाला, "बाबा, तिला आधी सांगितलंय."