मोठ्या माणसाला विचारा

आमच्या घरात वासरू विकायचं असो की पोरीचं लग्न ठरवायचं असो, रीत एकच. मोठ्या माणसाला विचारा. आजा होता तोवर आजाला विचारलं, आजा गेल्यावर बाबांना. मला जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आई नुकतीच वारली होती. गावी, कोंढ्याला, एकट्या बापाला सोडून जायला माझा जीव धजत नव्हता. बाबा म्हणाले, "जाय बाबू. वावर मी पाहीन. रडून का पोट भरते?" आणि स्वतःच गमछ्यात तोंड खुपसून रडले.

कारखान्यात मी तपासणीला. तयार तुकड्याला गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट. वीसेक वर्षं हेच केलं, त्यामुळे जगात सगळ्यालाच गेज लागतं असं मला वाटायला लागलं होतं. बायको चिडवायची, "तुमी त चहालेई गेज लावान."

मग बाबा विसरायला लागले. धानाला पाणी सोडायला म्हणून घरून निघाले आणि दुपारी भलत्याच गावच्या चौकात सापडले. शेजारी राहणाऱ्या चुलतभावाने फोन केला. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रेघ मारली. एकीकडे 'गावी ठेवणं', दुसरीकडे 'क्वार्टरवर आणणं'. दुसऱ्या बाजूला डॉक्टर जवळ, बायको घरी, गावात तलावाची भीती, असं भराभर भरत गेलं. पहिल्या बाजूला एकच ओळ होती: बाबांना तिथं राहायचं आहे. तीही मी खोडली. ज्याला आज वार कोणता ते सांगता येत नाही, त्याच्या हट्टाला काय विचारायचं! वावर चुलतभावाला ठेक्याने दिलं आणि बाबांना घेऊन आलो.

क्वार्टरच्या मागे थोडी जागा आहे, तिथं एक नळ. एका सकाळी शेजारच्या बाई ओरडत आल्या, "भाईसाहब, पिताजी को सँभालिए, हमारे किचन में पानी घुस गया!" मागे जाऊन पाहतो तर काय, बाबांनी खुरप्याने मातीचे धुरे, म्हणजे छोटे बांध, घालून धानाच्या वाफ्यांसारख्या चार छोट्या बांध्या केल्या होत्या. नळ पूर्ण सोडलेला. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरत होतं, आणि काम इतकं नीटनेटकं की कोणीही वाहवा म्हणावं. मी म्हटली नाही. माझं डोकं फिरलं. बाहेरचा कॉक बंद केला आणि मागच्या दाराला कुलूप घातलं.

त्या दिवसापासून बाबा दाराशी उभे. "पानी काहून बंद केलं? धान जळून राहिला ना!"

"बाबा, इथं धान नाही."

"त मले घरी ने."

"पाहू."

दिवसातून दहा वेळा हेच. एकदा तर मी त्यांच्यावर खेकसलो, जसं पोरांवरही कधी खेकसलो नव्हतो. ते घाबरून भिंतीला टेकले. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. जवळजवळ वर्ष मी 'पाहू'वर काढलं. हळूहळू त्यांनी विचारणं कमी केलं, आणि मला, मूर्खाला, वाटलं की बाबा रुळले.

एका संध्याकाळी बायकोने माझ्यापुढे ताट आपटलं. "तुमचं डोकं लय चालते. पर त्या डोक्यानं त्या मानसाले एक दिवस तरी सुख देल्लं का?"

मला जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली आणि बाबांना घेऊन कोंढ्याला निघालो. आता तिथंच ठेवायचं, मी रोज येणंजाणं करीन, होईल ते होईल. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. माणसाने मनाचंच ऐकावं, असं मी रस्ताभर त्यांना सांगत होतो.

धानाचे रोवणे आटोपले होते. बांध्या भरलेल्या, धान हिरवागार. बाबांना धुऱ्यावर नेलं, त्यांचंच जुनं फावडं हातात दिलं. "बाबा, खालच्या बांधीत पानी कमी हाय. सोडा."

त्यांनी फावडं उलटसुलट करून पाहिलं आणि मला परत दिलं.

"कोनाचं वावर होय?"

"तुमचंच, बाबा."

ते हसले. परक्याच्या घरी हसतो तसं. "धान चांगला हाय. आता मले घरी न्या."

'ने' नाही म्हणाले, 'न्या' म्हणाले.

वरातीमागून घोडं आणलं होतं मी. पहिल्याच महिन्यात मनाचं ऐकलं असतं तर त्यांना त्यांची बांधी मिळाली असती. किंवा तलावात त्यांचं प्रेत मिळालं असतं, कोण सांगणार? या मापाचं गेज कुठल्या कारखान्यात बनत नाही. आता डोक्याने ठरवा की मनाने, न्यायचं कुठं? त्यांचं घर कुठंच उरलं नव्हतं.

मी धुऱ्यावर बसलो. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "बाबा, तुमीच सांगा. इथं राहाचं का वापस जाचं?"

त्यांनी गमछ्याने हात पुसले, पूर्वी काही ठरवण्याआधी पुसायचे तसेच. खरं सांगतो, मला आशा वाटली.

"मी का सांगू, पाहुणे?" ते म्हणाले. "तुमच्या घरी मोठं मानूस असन ना? त्याले इचारा."