दोर सैलच होता

हे मी कुठेच बोललेलो नाही. घरी नाही, मित्रांत नाही. मंगलाताईंना संशय होता, पण त्यांनी सरळ विचारलं तेव्हा मी त्यांच्याशीही खोटंच बोललो. आता तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही. सांगून काही हलकं होईल असं वाटण्याचं वयही गेलं.

नव्वदच्या दशकात मंगलाताई आणि मी नाशिकच्या मुलांसाठी साहस शिबिरं सुरू केली. ताई एका शाळेत खेळ शिकवायच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी गिर्यारोहणाचं शिक्षण घेऊन नुकताच परतलेला, नोकरी नसलेला. अंजनेरीच्या पायथ्याशी तंबू ठोकायचे आणि आठवडाभर तिथेच राहायचं. मुलांनी तीन दगडांची चूल मांडायची, खिचडी करपली तर करपलेली खायची. वाट चुकली तर आम्ही मागून गुपचूप चालायचो, पण सांगायचो नाही. आणि शेवटी कातळ — दोन मजली घराएवढी एक उभी भिंत. ज्याला जमलं त्याला जमलं, ज्याला नाही जमलं त्याला तसं स्पष्ट सांगायचं. ताईंचा हा एकच हट्ट होता. एक पोरगा पूर्ण आठवडा त्या भिंतीशी झटला आणि न चढता घरी गेला. पुढच्या वर्षी स्वतःहून आला आणि चढला. वर पोचल्यावर तो ओरडला नाही की नाचला नाही, नुसता बसून राहिला. तो चेहरा मी पाहिलाय. म्हणजे खरं काय असतं हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

दोराचं थोडं सांगायला हवं. चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक वर बसलेल्या माणसाच्या हातात. मूल निसटलं तर खाली पडू नये, एवढंच त्या दोराचं काम. वर मी बसायचो. कातळाच्या कडेमुळे खालच्यांना मी दिसत नसे.

मग एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक चहा पाजता पाजता मला म्हणाले की, अर्धी मुलं घरी जाऊन 'मला जमलं नाही' असं सांगतात, पालक काय त्यासाठी पाठवतात का? ते चिडले नव्हते. शांतपणे, काळजीनेच बोलले. पुढच्याच शिबिरात त्यांच्या शाळेतला एक मुलगा मध्यावर अडकून रडायला लागला आणि मी दोर ओढला — थोडासाच. तो वर आला आणि माझ्या गळ्यात पडला. इतका आनंद! त्यात वाईट काय होतं? असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या मुलाला ओढलं.

एकदा ताई बाजूच्या पायवाटेने अचानक वर आल्या. मी टाचा दगडाला रोवून, विहिरीतून बादली ओढावी तसा एका मुलाला ओढत होतो. त्या आल्या वाटेने खाली उतरल्या. शिबिर संपल्यावर म्हणाल्या, "सुधीर, त्या पोराच्या हातापायांना तू खोटं सांगतोयस. ते लक्षात ठेवतात."

आमचं भांडण झालं. त्या शिबिरं सोडून चांदवडला एका शाळेवर गेल्या. कुणी विचारलं तर मी सांगायचो की ताईंना आता झेपत नाही, शिवाय मुलांशी जरा कडकच वागतात. हेही खोटंच. पण आज मुद्दा तो नाही.

मुद्दा पल्लवीचा आहे — अजूनही मी तिच्या नावापाशी येऊन वळणं घेतोय, पाहिलंत ना?

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शिबिरं जोरात होती, सगळी मुलं कातळ चढत होती, सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळत होती. पल्लवी अकरावीतली, मखमलाबादची. तिचे वडील निवृत्तीभाऊ झेंडू आणि गुलाब करायचे आणि फुलं बाजारात आणायचे. पोरगी कामाची सवय असलेली, न बोलता चढणारी. भिंतीच्या वरच्या अंगाला कातळाचं पोट बाहेर आलंय, तिथे ती अडकली. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःच खाली उतरून आली. म्हणाली, "सर, तिथं माझे हात उघडतात. उद्या बघते."

एवढं स्वच्छ वाक्य मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. ताई असत्या तर तिच्याबरोबर त्या भिंतीखाली बसून राहिल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजचे पाहुणे शिबिर बघायला आले होते आणि जेवणाआधी सगळं उरकायचं होतं. ती त्या पोटाखाली आली. तिचे हात उघडायला लागले, ते मला दोरातून कळलं. आणि मी ओढलं. सगळा जोर लावून ओढलं.

खाली टाळ्या वाजल्या. पाहुणे गेल्यावर मी दोर गुंडाळत होतो, तेव्हा ती जवळ आली. "सर, खरं सांगा. तुम्ही ओढलंत का मला?"

या प्रश्नावर मी आजवर थांबलेलो आहे. तिला कळलं होतं. तिच्या अंगाला कळलं होतं. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. ती रुसली असती, रडली असती — आणि पुन्हा भिंतीपाशी गेली असती.

"नाही गं," मी म्हणालो, "दोर सैलच होता. तुझी तूच चढलीस."

ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली. म्हणाली, मध्येच एकदम हलकं वाटलं.

"भीती गेली की तसं वाटतं," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या क्षणी सुचलं, आणि सुचलं म्हणून बरंही वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती दिंडोरीकडे मामाच्या गावी गेली होती. गावामागच्या टेकडीला एक कातळ आहे. मामाच्या पोरी खाली उभ्या होत्या, ही चढली. दोर नव्हता. तिला तो कशाला लागणार होता? ती तर चढून दाखवणारी मुलगी होती. वर एका बाहेर आलेल्या दगडापाशी तिचे हात उघडले.

मणका मोडला. कमरेखाली काही उरलं नाही.

दवाखान्यात निवृत्तीभाऊ बाहेरच बाकावर बसले होते. मला बघून उठले. "सर, तिला येत व्हतं ना? तुम्हीच म्हणला व्हता, पोरगी एक नंबर हाय म्हणून."

"येत होतं, भाऊ. फार छान येत होतं. जरा घाई झाली असेल."

"मंग नशीबच," ते म्हणाले आणि खाली बसले.

आत पल्लवी जागी होती. तिने मला दोष दिला नाही, विचारलं फक्त, की सर, माझं काय चुकलं? आणि मी — ऐका — मी तिच्या पलंगाच्या चादरीवर बोटाने कातळ काढून दाखवला. तू डावा पाय न बघता टाकला असशील, वजन तिकडे गेलं की हात सुटतात, असं तिला समजावलं. एखादा धडा शिकवावा तसं. तिने डोळे मिटून ते सगळं मनात करून पाहिलं. मग म्हणाली, "हो. तसंच झालं असेल."

ताईंचा चांदवडहून फोन आला होता. एवढंच विचारलं, "ओढलं होतंस?" मी नाही म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. त्या आता नाहीत.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर तरी मी थांबलो असेन. नाही थांबलो. उलट पुढच्या प्रत्येक शिबिरात पहिल्या दिवशी नाव न घेता पल्लवीची गोष्ट सांगायचो — न विचारता, दोराशिवाय चढलं की काय होतं त्याची. मुलं गप्प होऊन ऐकायची. मग मी कातळावर जाऊन बसायचो आणि त्यांना एकेक करून ओढायचो. माझे खांदे गेले तेव्हा शिबिरं बंद केली. खांदे गेले म्हणून, दुसरं काही कारण नाही.

पुष्कळदा मनात येतं की तिला सांगितलं तर तिच्याकडे उरलेली एकच गोष्ट मी काढून घेईन — ती भिंत आपण चढलो होतो, ही. म्हणून गप्प राहणं हीच दया. असं मी किती वर्षं म्हणत आलो! हे खोटं आहे. मी माझ्यासाठी गप्प आहे.

तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा गेलो. निवृत्तीभाऊंनी हात धरून आत नेलं, सगळ्यांना सांगितलं, हे पल्लवीचे सर. ती चाकाच्या खुर्चीत, हिरव्या साडीत, फुलांच्या गाड्या येताहेत का ते फोनवर विचारत होती. धंद्याचं सगळं आता तीच बघते. तिच्या शेजारी मामाची धाकटी मुलगी उभी होती. तिच्या कॉलेजची पोरं हरिहर किल्ला चढायला चालली होती आणि घरचे तिला जाऊ देत नव्हते.

"जा तू, मी सांगते मामाला," पल्लवी तिला म्हणाली. "फक्त पाय बघून टाक. मी डावा पाय न बघता टाकला, म्हणून पडले. नाहीतर मला येत होतं." आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हो ना, सर?"

मी 'हो' म्हणालो. मग कुणीतरी जेवायला बोलावलं आणि मी पंगतीत जाऊन बसलो.