लोहगडवाडीची किल्ली आणि वसंतरावांची जीभ

आमचे मित्र वसंतराव वकील जुन्या कुलपांच्या किल्ल्या जमवतात. किल्ली जिभेच्या टोकाला लावून ते तिचं शतक सांगतात. लोखंड मुरलं की चव बदलते म्हणे. पुण्यातले भलेभले पदवीधर हे ऐकून माना डोलावतात. मी डोलावली नाही, म्हणून लोहगडवाडीला सोबत चला असा त्यांनी आग्रहच धरला. नास्तिकाला देवळात ओढून न्यायची भक्तांना भारी आवड असते. तिथे एका म्हाताऱ्याकडे खुद्द गडाच्या दरवाजाची किल्ली आहे, अशी खबर त्यांना लागली होती. गडाखाली सध्या धरणाचं काम चालू आहे, अलीकडचीच ही गोष्ट. दिवस थंडीचे होते.

सकाळच्या पॅसेंजरने आधी लोणावळ्याला गेलो. तुम्ही जाणार असाल तर गरम कपडे घ्या आणि चिक्की परतताना घ्या, नाहीतर वाटेतच संपते. बाजारामागे एक भंगारवाला आहे. साहेब लोक गेले, बंगले विकले गेले, आणि त्यांचं सामान याच्या पोत्यांत आलं. एका टोपलीत बंगल्यांच्या किल्ल्या होत्या. त्यातली एक मी उचलली. वीतभर लांब, टोकाचे दाते जवळजवळ सगळे घासून काढलेले.

"ही खानसाम्याची," भंगारवाला म्हणाला. "दाते घासले की आत कुठे अडत नाही. एकाच किल्लीत बंगल्यातली सगळी कपाटं उघडतात. न्यायची असेल तर वजनावर देतो."

वसंतरावांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टोपलीतली वस्तू ऐतिहासिक कशी असेल?

"जुनी दिसत नाही का साहेबांना?" तो डोळे मिचकावत म्हणाला. "चिंचेच्या पाण्यात मीठ घालून आठवडाभर बुडवतो. मग या."

पुण्याकडे परतणारी गाडी पकडून अलीकडे मळवलीला उतरलो. तिथून भाजे गावावरून चढ चढत वाडीपर्यंत चांगले दोन तास लागतात. भाज्यातच पाणी भरून घ्या, वर विहीर आहे पण पोहरा आपला नसतो. वसंतराव वाटेत तीनदा बसले. प्रत्येक वेळी त्यांना त्या जागी मावळे बसले असावेत असं वाटलं.

म्हाताऱ्यांना वाडीत सगळे आबा म्हणतात. मुलगा धरणाच्या कामावर, घरी सून चंद्रा. तिने तांदळाची भाकरी आणि पिठलं वाढलं, तेही डाव्या हाताने. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता.

"फेफरं येतं तिला," आबा म्हणाले. "मागल्या पंधरवड्यात चुलीपाशीच पडली. म्या किल्ली हातात दिली, तवा उतरलं."

किल्ली देव्हाऱ्यातून आली. लाल दोरा बांधलेली, कुंकवाने माखलेली. वीतभर लांब, दाते घासलेले. कडेने साच्याची बारीक रेघ सरळ गेलेली. घडीव किल्लीवर हातोड्याचे ठोके दिसतात, अशी रेघ फक्त ओतीव, कारखान्यातल्या मालावर असते, एवढं तरी वाचकांनी लक्षात ठेवावं. टोपलीतल्या किल्लीची ही सख्खी बहीण होती.

वसंतरावांनी कुंकवासकट ती चाटली. डोळे मिटले. "तीनशे वर्षं," ते पुटपुटले.

"माजा बाप खंडाळ्याच्या बंगल्यावर माळी व्हता," आबा सांगत होते, "त्यानं आनली..."

"लपवून आणली असणार!" वसंतराव ओरडले. "परकीयांच्या तावडीतून!"

मला राहवलं नाही, पण मी आधी आबांकडे वळलो. चुलीपुढे पडणारी बाई मला तीनशे वर्षांपेक्षा जास्त निकडीची वाटली. मी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो, त्या सभेतल्या आवाजात त्यांना सांगितलं, की झटका आपला आपण ओसरतो. तेव्हा हातात किल्ली असो नाहीतर मुळा असो, श्रेय दोघांनाही सारखंच.

चंद्रा फिस्सकन हसली. आबा हसले नाहीत.

"मंग भाऊ, तुमीच बसा की मुळा घिऊन तिच्या उशाला."

"यावर गोळ्या असत्यात का?" चंद्राने विचारलं.

"असतात. रोज घ्याव्या लागतात. लोणावळ्याचे डॉक्टर देतील."

"किल्ली हाय तवर गोळ्या कशाला?" आबांनी विषय मिटवला.

वसंतरावांना गोळ्यांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी पैसे पुढे केले, आबांनी हात मागे घेतला. मग त्यांनी काचेच्या कपाटाचं आमिष दाखवलं: पुण्यात मखमलीवर किल्ली, खाली पितळी पाटीवर आबांचं नाव. आबा जरा सरळ बसले. "समदं नाव? बापाचंबी?" समदं, बापाचंही. आमच्या देशात पैशाला नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात, पाटीला नाही म्हणणारा मला अजून भेटायचाय.

"तुम्ही सांगा ना यांना," वसंतराव माझ्याकडे वळले. "वस्तू किती मोलाची आहे ते!"

खरं सांगितलं असतं तर वसंतराव हात झटकून उठले असते, किल्ली देव्हाऱ्यात गेली असती आणि चंद्रा पुन्हा चुलीपुढे. तोंड उघडण्याआधी मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"मामंजी, द्या त्यास्नी," ती म्हणाली. "पर माजं एक हाय. पैसं नगंत. मला डाक्टरकडं न्यायचं, आन् गोळ्या म्हैन्याच्या म्हैन्याला धाडायच्या. गोळ्या थांबल्या, की किल्ली माघारी."

"मंजूर!" वसंतराव म्हणाले. वकील माणूस, पण करार एवढ्या घाईत करताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

मी घशाला पिठलं लागल्यागत खोकलो आणि साच्याच्या रेघेची गोष्ट पिठल्याबरोबर गिळली.

दुसऱ्या दिवशी चंद्रा आमच्याबरोबर मळवलीपर्यंत ताठ चालत आली. वसंतराव मागे, छातीशी पिशवी धरून. लोणावळ्यात डॉक्टरांनी तिला तपासलं, हाताची पट्टी बदलली आणि बजावलं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. वसंतरावांनी हे माझ्यापेक्षा जास्त मन लावून ऐकलं.

घरी आल्यावर सहल सरते, पण ही सरली नाही. पाहुण्याला चहासुद्धा अर्धा कप देणारा हा गृहस्थ दर महिन्याला, किल्ली जाईल या धास्तीने, न चुकता गोळ्या पोचवतो. चंद्राला झटका आल्याला आता बरेच महिने झाले, असं तो सांगतो, आणि त्याचं श्रेय मात्र लोहगडच्या पुण्याईला देतो.

परवा त्यांनी किल्लीचं जाहीर दर्शन ठेवलं आणि मला अध्यक्ष केलं. प्रश्नांच्या वेळी इतिहासाचे एक तरुण प्राध्यापक उठले. "गडाचा दरवाजा आतून अडसर लावून बंद होतो," ते म्हणाले. "त्याला कुलूपच नसतं. मग ही किल्ली लावायची कुठे?"

प्रश्न चोख होता. गेली वीस वर्षं गावोगाव असेच प्रश्न विचारा म्हणून मी घसा फोडतो आहे. वसंतरावांचा चेहरा पांढरा पडला आणि सभा माझ्याकडे बघू लागली.

मी घंटा वाजवली, वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि त्या प्राध्यापकांना हाताने खाली बसवलं. चंद्राच्या गोळ्या त्या आठवड्यात संपत आल्या होत्या.