आबांसाठी धुळ्याहून थर्मास

पौषातली सकाळ होती. सहाच्या सुमारास जळगावच्या मोटार स्टँडवर पोचलो, तेव्हा धुळ्याची गाडी उभी होती आणि क्लीनर हँडल मारून मारून घामाघूम झाला होता. थंडी इतकी, की त्या घामाचासुद्धा हेवा वाटावा. धुळ्याला मी याआधी कधी गेलो नव्हतो. तिथे माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. जायचं कारणही लोकांना सांगायला जरा अवघड वाटे, कारण मी फक्त एक थर्मास विकत घ्यायला निघालो होतो.

त्यामागची हकिगत अशी. आमचं गाव सावद्याजवळ. घरची केळी सावदा स्टेशनच्या सायडिंगवर (मालाचे डबे उभे करतात त्या बाजूच्या रुळावर) जातात. डबा मिळून घड भरले जाईपर्यंत घरच्या माणसाला दिवसभर तिथे थांबावं लागतं. हे काम माझे वडील, म्हणजे आबा, करत. दिवाळीनंतर त्यांची छाती भरली. दुखण्यातून ते उठले, पण डॉक्टरांनी चहा बंद केला आणि बजावलं, की बाहेर पडायचं असेल तर दर दोन तासांनी फुंकर घालून प्यावा लागेल इतका गरम काढा पोटात गेला पाहिजे. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत घरात बसा. सायडिंगवर केळीच्या वाळल्या पानांचे ढीग असतात, त्यामुळे तिथे चूल पेटवायला मनाई. आबा घरी बसले, तर त्यांच्या जागी थांबायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे माझं जळगावचं कॉलेज सुटणार. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. एकदा सुटलेलं पुन्हा धरता येईल, याची मला खात्री नव्हती.

बोर्डिंगमधल्या मित्राचा भला मोठा थर्मास एक दिवस मागून नेला होता. आईने आबांच्या अंदाजाने त्यात काढा भरला. दुपारी आबांनी तो ओट्यावर बसून बशीत ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “हे तं गार पानी झालं भाऊ. याच्यापेक्षा आपला लोटा बरा.”

मित्राचा थर्मास मी परत केला. आमच्या प्रयोगशाळेतल्या वृद्ध शिपायाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “घ्यायचा तर धुळ्याला आग्रा रोडवर घे. ट्रकवाल्यांना फसवून तिथे दुकान चालत नाही.” म्हणून हा प्रवास. मित्राच्यापेक्षा मोठा थर्मास आणायचाच, असं ठरवून मी गाडीत बसलो.

गिरणेच्या पुलावर धुकं होतं. एरंडोलपर्यंत खिडकीची ताडपत्री कोणी वर करू दिली नाही. एरंडोलला शेजारी एक बाई येऊन बसल्या. मांडीवर वांग्यांची टोपली. भरताची हिरवी, लांबट वांगी होती ती. लेकीकडे धुळ्याला नेत होत्या.

“कथा जाई रायना रे भाऊ?” (कुठे चालला आहेस?) त्यांनी विचारलं.

“धुळ्याला, अक्का. थर्मास घ्यायला.”

“ते काय ऱ्हास?”

मी समजावून सांगितलं. दोन काचांमधली हवा काढून घेतलेली असते, तेही सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “इतली दूर एक बाटलीसाठे? जळगावमा बठ्ठा दुकानं बंद शेतस का?” (सगळी दुकानं बंद आहेत का?) मागच्या बाकावरचे दोघे हसले.

पारोळ्याला धुकं विरलं आणि किल्ल्याची तटबंदी दिसली. दहा मिनिटांच्या थांब्यात मी गरम भजी घेतली. ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात हातात पडेपर्यंत गरम होती, तोंडात जाईपर्यंत नव्हती. पुढे दोन्हीकडे वेचणी झालेल्या कापसाची रानं, काट्यांवर अडकून राहिलेले पांढरे पुंजके, मधूनच उभी तूर. दहाच्या आधी धुळं आलं. उतरताना अक्कांनी दोन वांगी माझ्या पिशवीत टाकली. “बाटलीमा नको घालजो,” म्हणाल्या.

पहिलं दुकान स्टँडजवळचंच होतं. काचेच्या कपाटात थर्मास रांगेने मांडलेले. एकावर गुलाब, एकावर मोर. मालकाने सर्वांत मोठा पुढे केला. “हा न्या. साहेबलोक हाच नेतात.” मी आत डोकावून पाहू लागलो, तर ते म्हणाले, “आत काय बघता? बघायचं ते बाहेर काढलेलं आहे.” मला नाही म्हणणं जमत नाही. थर्मास हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. मग आबांची ती बशी आठवली आणि “मी जरा फिरून येतो” असं पुटपुटत बाहेर पडलो. पाठीमागून ते काहीतरी बोलले. ते ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

आग्रा रोडवर ट्रक एकामागे एक उभे होते. त्यांच्या समोरच कंदील, बॅटऱ्या आणि थर्मास विकणारं एक लांबट, काळोखं दुकान. गादीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. एक ड्रायव्हर बाकावर बसून आपल्या थर्मासला नवं बूच बसवून घेत होता.

मी धीर करून एका दमात सगळं सांगून टाकलं. आबांचं दुखणं, सायडिंग, मित्राचा गार पडलेला थर्मास. शेवटी म्हणालो, “नाना, मला तुमच्याकडचा सगळ्यांत मोठा द्या. पण आधी ऊन पाणी घालून पाहीन.”

“पाणी घातलं की तो जुना झाला,” नाना म्हणाले. “मग तो कोण घेणार?”

“मी घेईन.”

“गार पडला तरी?”

ड्रायव्हर मोठ्याने हसला. “नाना, कॉलेजना पोऱ्या शे. परीक्षा लेवाले उना!” (परीक्षा घ्यायला आला!)

नानांनी मात्र मला समोर बसवलं. “मित्राच्या थर्मासात काढा किती भरला होता?”

“अर्ध्याहून कमी. आबांना तेवढाच लागतो.”

“भरण्याआधी आतून ऊन पाण्याने धुतला होता?”

“नाही.”

“मग त्या बिचाऱ्याला का नावं ठेवतोस? थंडगार काचेत चार घोट ओतले आणि वर एवढी मोकळी जागा. उरलेली ऊब ती जागाच खाणार. आणि तू आणखी मोठा मागतोस!” त्यांनी फळीवरून एक छोटा, साधा निळा थर्मास काढला. “तुझा बाप जेवढं पितो, तेवढाच थर्मास घे. काठोकाठ भर. बूच उगाच उघडू नको.”

मला फार ओशाळल्यासारखं झालं. इतक्या लांब येऊन कळलं, की चूक आमच्या भरण्याची होती.

मग नानांनी निवड कशी करायची ते दाखवलं. थर्मास उजेडाकडे धरून आतला मुलामा पाहायचा. काळे डाग असतील तर ठेवून द्यायचा. तोंड कानाशी लावायचं. समुद्रासारखा बारीक घुमारा आला पाहिजे. बूच नाकाशी न्यायचं. वास मारत असेल तर काढ्यालाही मारणार. निळ्यातले तीन काढले. पहिल्यात एक डाग होता. दुसऱ्याचं बूच सैल होतं. तिसरा कितीतरी वेळ मी कानाशी धरून बसलो.

“काय म्हनस?” ड्रायव्हरने विचारलं.

“घुमतोय,” मी म्हणालो.

“मंग बायको मियनी समज!” तो म्हणाला (बायको मिळाली असं समज), आणि नानासुद्धा हसले.

तो मी घेतला. नानांनी शेजारच्या हॉटेलातून उकळतं पाणी मागवलं, आधी कोमट पाण्याने काच विसळली आणि मग काठोकाठ भरून बूच दाबलं. “अकरा वाजलेत. संध्याकाळी जळगावला उघड. फुंकर घालावी लागली नाही, तर मला शिव्या घाल.”

खाणावळीत पातोड्यांची रस्सेदार भाजी आणि कळण्याची भाकरी जेवलो, तेही थर्मास मांडीवर ठेवून. दोनच्या गाडीत बसल्यावरही तो खाली ठेवला नाही.

साडेचारच्या सुमारास, एरंडोलच्या अलीकडे, नाक्यावर गाडी थांबवली. दारूबंदीचे दिवस. एक पोलीस आत चढला आणि त्याची नजर थेट माझ्या छातीशी धरलेल्या निळ्या बाटलीवर गेली.

“काय आहे त्यात?”

“पाणी.”

“उघड.”

“साहेब, कृपा करून आता उघडू नका. जळगावला उघडायचं आहे.”

हे वाक्य मी का बोललो कोण जाणे. “जळगावला कोणाबरोबर उघडणार?” पोलिसाने विचारलं आणि थर्मास ओढून घेतला. बूच निघालं. त्याने नाक पुढे नेलं आणि झटक्याने मागे घेतलं. बाटलीतून वाफ निघत होती.

“हे काय?”

“ऊन पाणी. सकाळी अकराला भरलेलं.”

“धुळ्याहून जळगावला ऊन पाणी नेतोस? जळगावात सरपण संपलं का रे?” गाडीत खसखस पिकली. त्याने झाकणात थोडं ओतलं. “पी.” मी प्यायला गेलो आणि ओठ पोळले. तेव्हा त्याने झाकण माझ्याकडून घेतलं, दोनदा फुंकर मारली, घोट घेतला आणि माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहिलं. “रात्री इथे हाडं गोठतात,” तो हळूच म्हणाला. “कुठे मिळाला?” मी नानांच्या दुकानाचा पत्ता सांगितला. बूच त्याने स्वतःच घट्ट बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. आबांनी थर्मासचा पट्टा बोटाने उचलून पाहिला. “गयात बाटली बांधून सायडिंगवर जाऊ का मी? लोक काय म्हनतीन?” (गळ्यात बाटली बांधून जाऊ का?)

“म्हनू द्या,” आई चुलीपासून म्हणाली. “पोरगं धुळ्याहून घेऊन आलं ते.”

दिवसभराची पारख व्हावी म्हणून त्यांच्याबरोबर मीही गेलो. खरी भीती मला तिथे कळली. सायडिंगवर कोणी एकटं काही पीत नाही. हातात काही धरलं, की सगळ्यांना विचारावं लागतं. आणि थर्मास तर मी नानांचं ऐकून छोटा आणलेला! सकाळी दहाला आबांनी झाकण काढलं आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, “या भाऊ, घ्या.” पाच-सहा जण जवळ आले. पहिल्याने एक घोट घेतला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. आईच्या काढ्यात ओवा, सुंठ, काळी मिरी आणि आणखी काय होतं ते तिलाच ठाऊक.

“आबा, हे माणसाचं पेय शे का बैलाचं?”

बाकीचे जागच्या जागी थांबले. बारा वाजता, दोन वाजता आबांनी पुन्हा मनापासून सगळ्यांना विचारलं. “घ्या तुम्हीच, आबा,” असं लांबूनच उत्तर आलं. रिवाजही सुटला नाही आणि काढाही पुरला. चार वाजता शेवटची बशी ओतली, तीसुद्धा आबांना फुंकून प्यावी लागली. डब्याचं दार ओढलं जात होतं. बशी पालथी करून ते म्हणाले, “तू उद्याच्या गाडीनं जाय. अठी तुहं काय काम?” (इथे तुझं काय काम?)

बोर्डिंगमध्ये मित्रांनी विचारलं, धुळ्यात पाहिलंस काय? मी आठवू लागलो. किल्ल्याची भिंत पाहिली, ती वाटेत पारोळ्याला. धुळ्यात ट्रकांची रांग पाहिली, एक खाणावळ आणि एक काळोखं दुकान. गावाचं वर्णन म्हणून सांगावं असं फारसं काही नव्हतं. पण जे काही होतं, ते मी जळगावात, माझ्या खोलीत, उद्याच्या तासाचं पुस्तक मांडीवर घेऊन सांगत होतो.