शेवटच्या बसआधीचं नाटक

नाट्यगृहातल्या मावशीने इतकी नाटकं पाहिली होती, की एखाद्या जाणकार रसिकालाही हेवा वाटावा. फक्त त्यांतल्या एकाचाही शेवट तिने पाहिला नव्हता. कारण अगदी साधं होतं. तिच्या वस्तीकडे जाणारी शेवटची बस नाटक संपायच्या आधीच सुटायची. नाटकवाल्यांना बसची पर्वा नव्हती, बसवाल्यांना नाटकाशी देणंघेणं नव्हतं, आणि दोघांच्या मध्ये मरण मावशीचं.

तिचं काम दुपारी सुरू व्हायचं. खुर्च्यांच्या रांगांमधून झाडू मारायचा, मखमलीवरची धूळ ब्रशने काढायची, हात ठेवायच्या दांड्या ओल्या फडक्याने पुसायच्या. खुर्च्यांच्या फटींत लोक काय काय विसरून जायचे. एकदा तर कवळी सापडली. तिचा मालक काही परत आला नाही. नाटक फारच विनोदी असावं. खेळ सुरू झाला की दारवान मावशीला मागच्या दाराच्या पडद्याआड उभं राहू द्यायचा. मध्यंतर झालं की स्वच्छतागृहं धुवायची, मग पुढच्या अंकातलं पदरात पडेल तेवढं पाहायचं, आणि ऐन रंगात आलेलं नाटक तसंच सोडून बस गाठायची. दुपारचा खेळ असला तर तो संपत येताच संध्याकाळच्या खेळाची झाडलोट मानगुटीवर बसलेली असे. नटमंडळींना विचारायला तिची जीभ रेटत नसे. दारवानाला तिने एकदा विचारून पाहिलं, की शेवटी काय होतं हो? "काय व्हायचंय? पडदा पडतो," तो म्हणाला. त्याचं आयुष्य दारात गेलं होतं, पण आत डोकावायची त्याला कधी इच्छा झाली नव्हती.

घरी तिची वाट पाहत मिस्त्री बसलेले असायचे. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. मोठा नामांकित गवंडी; नाट्यगृहाची मागची भिंतही त्यांच्याच हातची. भिंत उभी राहिली तसे ते बाहेर आले, आणि पुन्हा आत जायचं काही कारण पडलं नाही. पुढे झटका आला, डावं अंग गेलं, आणि ओळंबा लावून जग सरळ करणारा माणूस खिडकीशी खुर्चीत वाकडा बसला.

त्यांना एकच मुलगा. बापाने त्याच्या हातात गवंड्याची थापी द्यायला काढली आणि पोराने ती घेतली नाही. शब्दाने शब्द वाढत गेला. मिस्त्री म्हणाले, मग या घरात पाऊल टाकू नकोस. पोरगंही बापावरच गेलेलं, त्याने खरंच टाकलं नाही. सुरुवातीला आईला अधूनमधून फोन यायचा. मग नंबर बंद झाला. मिस्त्रींनी त्याचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि मावशीने काढलं तर ते खिडकीबाहेर पाहायला लागायचे.

नाटकाची गोष्ट मात्र त्यांना रोज हवी असायची. मावशी आली, हातपाय धुऊन टेकली, की ते म्हणायचे, "हं, काय होतं आज?" ती सांगायची. सांगता सांगता गोष्ट बसस्टॉपपर्यंत येऊन थांबायची आणि ते विचारायचे, "मग शेवटी?" पहिल्यांदा ती थकव्याने खोटं बोलली. कोण सांगत बसणार, की शेवट मी पाहिलाच नाही म्हणून. मग सवय लागली. आणि तिच्या शेवटांची एक गंमत होती: गेलेला माणूस परत यायचाच. बोटीवर गेलेला यायचा, तुरुंगात गेलेला यायचा. खुनाच्या नाटकातसुद्धा मेला तो जुळा भाऊ निघायचा आणि खरा माणूस घरी जेवायला हजर.

शेजारच्या शिंपीणकाकूंच्या आणि यांच्या घरात एकच भिंत, तीही मिस्त्रींनी बांधलेली नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू जायचं. सकाळ होईस्तोवर रात्रीचा शेवट वस्तीभर झालेला असायचा. या वस्तीने नाट्यगृहाचं तोंड पाहिलं नव्हतं, पण नाटकं तोंडपाठ होती.

त्यांतलं एक सगळ्यांचं विशेष लाडकं. घर सोडून गेलेला मुलगा, त्याचे आईबाप, आणि रंगमंचाच्या मधोमध एक बंद दार. मावशीच्या शेवटात त्या दारावर थाप पडायची. मुलगा आत यायचा, बाप झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचा, आणि मुलगा दुसरं काही न बोलता म्हणायचा, "भूक लागलीय." मिस्त्री हा शेवट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. आज वेगळं नाटक होतं म्हटलं तरी म्हणायचे, "असू दे. ते भुकेचं सांग."

अशात महापालिकेला साक्षात्कार झाला, की शहरातली सगळी कला मध्यभागीच कोंडून राहिली आहे आणि कडेच्या वस्त्या कोरड्या आहेत. एक अधिकारी बाई वस्तीत आल्या. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी सभा घेतली आणि तुम्हाला काय हवं, असं मनापासून विचारलं. लोक म्हणाले, पाणी. ते दुसऱ्या खात्याकडे होतं. लोक म्हणाले, गटार. तेही दुसऱ्या खात्याकडे. शेवटी मावशी उठून म्हणाली, "बाई, नाटक सुटल्यावर एक बस सोडा. आम्हीच येऊ की तिकडे." बाईंनी मान डोलावली, दोन-तीन ठिकाणी खेटे घातले, आणि परत येऊन ओशाळून सांगितलं, की बसचं काही जमत नाही, तेव्हा आम्हीच नाटक इकडे आणतो. एक बस हलवण्यापेक्षा अख्खं नाट्यगृह हलवणं सोपं, हे कळायला महापालिकेतच असावं लागतं.

पण शब्दाच्या पक्क्या निघाल्या बाई. कारखान्याच्या भिंतींना चुना लागला, दिवे आले, शाळेतली बाकं आली. वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून तिथली जमीन एका बाजूला उतरती होती. खालच्या अंगाला रंगमंच बांधला, तर मागच्यांनाही आयतं दिसायला लागलं. आणि पहिलं नाटक कुठलं आणायचं? ज्याला सर्वांत जास्त गर्दी होते ते. बंद दाराचं.

मावशीने इतकी वर्षं एका शेवटासाठी जीव टाकला होता, आणि तो दारात येऊन उभा राहिला तर पळून जावंसं वाटू लागलं. हवा बाधेल, बसवणार नाही, असं तिने मिस्त्रींना सांगून पाहिलं. ते सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ते म्हणाले की हे आपलं नाटक आहे, उचलून न्या पण न्या. चार शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट पहिल्या रांगेत नेऊन ठेवलं. मावशी बाकाच्या टोकाला, त्यांच्या उजवीकडे बसली.

पहिला अंक वस्तीने माना डोलावत पाहिला. पुढचं वाक्य काय ते शिंपीणकाकू आधीच शेजारणीला सांगत होत्या. मध्यंतरानंतर एक वेळ अशी आली, की मावशीचे पाय सवयीने चपला शोधू लागले. इथून पुढे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने पाय बाकाखाली घेतले.

रंगमंचावरच्या आईने तीन ताटं मांडली. बाप येऊन बसला. दोघं दाराकडे पाहत राहिली. मग आईने तिसरं ताट उचलून आत नेलं, परत येऊन बापाला वाढलं, आणि दोघं जेवू लागली. दिवे मंद झाले. पडदा पडला.

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी उठलंही नाही. सगळी वस्ती त्या दारावर थाप पडायची वाट पाहत बसली होती. कुजबुज सुरू झाली. शेवटची बस कोणासाठी थांबत नाही, हे इथे लहान पोरालाही माहीत होतं. शिंपीणकाकू उभ्या राहिल्या आणि पडद्याला उद्देशून म्हणाल्या, "बसची घाई असेल तर आम्ही तुम्हाला रिक्षाने सोडतो. पण पुरं करून जा."

पडदा बाजूला सारून आईचं काम करणारी बाई बाहेर आली. तिला काही कळेना. तिने अधिकारी बाईंकडे पाहिलं, अधिकारी बाईंनी मावशीकडे, आणि मग सगळेच मावशीकडे पाहू लागले. नाट्यगृहात कामाला असलेली ती एकटीच.

मिस्त्री तिच्या कानाशी वाकले. "अगं, तो येतोय ना?"

हो म्हणणं तिच्या अगदी जिभेवर आलं. घरी चला, उरलेलं मी सांगते, एवढं म्हटलं असतं तर वस्ती खुशाल उठून गेली असती. इतकी वर्षं तिने तेच तर केलं होतं. पण ती रंगमंचावरची बाई हात लोंबकळत ठेवून तशीच उभी होती, घामाने तिच्या कपाळावरचा रंग ओघळत होता, आणि तिने ते ताट कसं उचललं होतं ते मावशीने पाहिलं होतं. ताट असं उचलायला काय लागतं ते मावशीला ठाऊक होतं. आपल्या मुलाचं ताट तिने स्वतः मनातून कधी उचललं नव्हतं.

तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठ्या हॉलमध्ये एकटीच्या टाळ्या फार मोठ्याने वाजतात. मग मागून कोणीतरी साथ दिली, मग आणखी कोणी, आणि हळूहळू सगळा कारखाना वाजू लागला.

"संपलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो. एवढंच आहे. तो नाही येत."

"मग तू सांगायचीस ते?"

"ते मला हवं होतं," मावशी म्हणाली.

मिस्त्री पडद्याकडे पाहत राहिले. "मलाही," ते म्हणाले.

मग त्यांनी आपला चांगला हात उचलला आणि तो हवेतच राहिला. मावशीने टाळ्या थांबवून तळवा पुढे केला. त्यांनी त्यावर एक टाळी मारली, मग आणखी एक, आणि सगळी नटमंडळी बाहेर येऊन नमस्कार करून परत आत जाईपर्यंत ते मारत राहिले.