सोसवेल तितकं गरम

रात्रीची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की माझ्या सासूबाई लोखंडी पळीत कोकमतेलाचा तुकडा टाकून ती गॅसवर धरायच्या. तेल वितळलं की मोरीशेजारी पाटावर बसायच्या, पाय गुडघ्यावर घ्यायच्या आणि टाचेच्या भेगांत ते थेंब थेंब सोडायच्या. भेगा झाल्या की बोटांची बेचकं, कारण चिखल्यांवरही त्यांचं औषध तेच. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. भिवपुरीजवळच्या आमच्या गावात जन्मभर भाताच्या खाचरात उभे राहिलेले ते पाय. लग्न होऊन मी कर्जतहून आले, त्या पहिल्याच आठवड्यात हा प्रकार बघून घाबरले. म्हटलं, "आई, केवढं गरम आहे ते!" तर म्हणाल्या, "सोसवेल तितकं गरम घालायचं असतं. आमची आय तसंच घालायची. मला सोसतं." आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात तोरा होता, थोडाथोडका नाही.

झोपायच्या आधीचा माझाही एक कार्यक्रम असायचा. मोबाइलवर कुणीतरी गोरीगोमटी बाई सांगायची, आधी हे लावा, मग ते लावा. मी मागवायचे. आठवडाभर लावायचे, मग दुसरी बाई दुसरं सांगायची. फळीवर बाटल्यांची रांग लागली आणि गालावर पुटकुळ्यांची. आई बघत असायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "काल गुलाबी, आज निळी. त्या तोंडाला कळंना झालं असंल गं, कुणासंगं संसार करायचा!" मला असा राग आला! पण खोटं काय होतं त्यात? कंटाळा आला की मी तोंडही न धुता झोपायचे.

त्यांचं तसं नव्हतं. कुठेही गेल्या तरी पिशवीत कोकमतेलाचा गोळा असायचाच. चौकला माझ्या नणंदेच्या घरी बारसं होतं. तिथे पळी सापडेना, म्हणून या बाईंनी त्यांच्या चहाच्या पातेल्यातच तेल वितळवलं. सकाळी सगळ्या पाहुण्यांच्या कपात तवंग. नणंदेच्या सासूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आई म्हणाल्या, "प्या, प्या. कोकमाचं हाय, पोटाला बरंच." परत येताना टेंपोत मी हसून हसून बेजार झाले, आणि त्या मात्र, यात हसण्यासारखं काय, अशा चेहऱ्यानं बाहेर बघत होत्या.

मग त्यांना साखर निघाली. गोळ्या त्या नेमानं घ्यायच्या, चहा बिनसाखरेचा प्यायच्या, आणि साखरेचं प्रकरण तेवढ्यावर संपलं असं त्यांचं मत होतं. फक्त पळी आता गॅसवर जास्त वेळ राहायला लागली. "तेलात दम राहिला नाय," त्या म्हणायच्या. "भेसळ करतात मेले." कोकमतेल विकणारी ओळखीची बाई बाजारात भेटली, तर तिच्याशी भर रस्त्यात भांडल्या. ती बिचारी शपथा घेत राहिली. दुसरीकडून तेल आणलं, तरी तीच तक्रार. आम्हालाही भेसळच वाटली. बाजारात हल्ली काय चांगलं मिळतं?

एकदा मी मोरीत भांडी विसळत होते आणि पळीतला एक थेंब माझ्या पायावर उडाला. मी किंचाळलेच! बघता बघता फोड वर आला. तोवर उरलेली पळी त्यांनी स्वतःच्या करंगळीच्या बेचक्यात रिकामी केली होती.

"एवढं भाजलं?" त्यांनी विचारलं.

"आई, तुम्हाला काहीच नाही झालं?"

त्यांनी पाय जवळ घेतला. करंगळी दाबून पाहिली. मग टाचेला जोरात चिमटा काढला, मग दुसऱ्या टाचेला. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

करंगळी गेली. जखम चिघळत वर चढली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता पुन्हा जखम झाली आणि ती वेळेत कळली नाही, तर पाय काढावा लागेल. पायांतली जाणीव साखरेनं कधीच नेली होती. तेलाला दोष नव्हताच. रोज पाय धुवायचे, कोरडे करायचे, टाचांना मलम लावायचं, बेचक्यांत काही नाही, आणि तळवे नीट बघायचे. एवढं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

माझा तोंड बघायचा आरसा त्यांच्या पायाखाली आला. पाण्यात त्यांचा पाय बुडायच्या आधी माझा हात. पण पाय हातात द्यायला त्यांना भारी संकोच. "लोकं म्हणतील, सुनेकडनं पाय धुवून घेते म्हातारी." जखम भरली तशा टाळायला लागल्या. "दुखत नाय, तर रोज रोज काय बघायचं?"

एक दिवस माझं डोकं फिरलं. "दुखत नाही म्हणूनच बघायचं! दुखलं असतं तर तुमची करंगळी आज जागेवर असती!"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी फार बोलले, असं मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मोरीतून हाक आली, "ये गं, पाणी बघ." त्या स्वतःच आरसा मांडून बसल्या होत्या. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. मला ताप असला तर नवरा बघायचा. पाय कोरडे होईपर्यंत मला हुकूम असायचा, "तवर तू तोंड धू." बाटल्यांतली एकच मी ठेवली, आणि ती संपली की तीच आणायची. चेहरा निवळला माझा. तसं म्हटलं तर म्हणायच्या, "मंग? एकाचीच झालीस ना आता!" अशा वेळी मला त्यांना मिठी मारावीशी वाटायची. एकदा मारलीही. "सोड गं, काय खुळी हाय," म्हणाल्या, पण सरकल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. सकाळी बायका जमल्या. आंघोळ घालायला चुलीवरचं पाणी बादलीत ओतून आणलं. चुलतसासूनं तांब्या बुडवला, तेवढ्यात मी पाण्यात हात घातला.

"थांबा," मी म्हटलं. "फार गरम आहे. त्यांना कळत नाही."

चुलतसासूनं तांब्या खाली ठेवला आणि ती उठून गार पाण्याची कळशी घेऊन आली.