रिकामी ठेवलेली बाजू

फुगडीची गाणी मी कधी पाठ केली नाहीत. ती पायांबरोबर येतात. आईने मला तशीच शिकवली. चौथीनंतर शाळा सुटली, गाणी राहिली.

भांडुपच्या आमच्या चाळीत गौरीला आम्ही सहाजणी फुगड्या घालायचो. एका वर्षी माझ्या धाकट्या दिराने ते टेप केले. तो आखातातून दोन कॅसेटींचा टेप घेऊन आला होता. ऐकल्यावर त्याच्या मनाने घेतले की याची कॅसेट बाजारात आली पाहिजे. बरेच उंबरे झिजवून त्याने अंधेरीची एक कंपनी गाठली आणि त्यांनी आम्हांला बोलावले.

मी परक्या माणसाशी बोलत नाही. भाजीचा भावसुद्धा शेजारणीकरवी विचारते. तरी गेले, कारण गाणी आईची होती आणि आई त्याच सालात गेली होती.

तिथल्या साहेबांनी आम्हांला सतरंजीवर बसवले. बांगड्या काढायला लावल्या. पाय आपटायचे नाहीत, आवाज खराब येतो म्हणाले. आम्ही मांडी घालून बसलो. पहिली ओळ आली, दुसरी येईना. शेजारची तिसऱ्या कडव्यात शिरली, मी पहिल्यातच अडकलेली. इतक्या वर्षांचे गाणे, आणि सहाजणींत कोणालाच आठवेना. काचेपलीकडे दोघे हसत होते.

साहेब आमच्याकडे न बघता दिराशी बोलले. शब्द चांगले आहेत, तेवढे आम्ही घेतो. शिकलेल्या बाईकडून गाऊन घेऊ, मागे बाजा घालू. चालली तर व्हिडिओ काढू, बागेत मुली नाचवू. मग दुकानादुकानात लागेल.

दीर खूश झाला. म्हणाला, "वयनी, अख्ख्या मुंबईत वाजेल. हो म्हणा ना."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघूनच म्हटले, "माझ्या आईचा पाय त्यात नाय. मग वाजून काय करायचं?"

साहेब म्हणाले, "बाई, पायांची कॅसेट कोण विकत घेणार?"

"आमका इकूचीच नाय," मी म्हटले आणि बांगड्या परत घालायला लागले. बाकीच्या पाचजणींनीही घातल्या. त्या बंद खोलीत मोठा आवाज झाला. होऊ दे म्हटले.

बसस्टॉपवर दीर घुश्शात होता. "आता कुठे वाजवणार? जिन्यात?"

मी त्यावर पुढे कितीतरी दिवस विचार केला. स्टेशनजवळच्या दुकानात आमची कॅसेट सिनेमाच्या गाण्यांखाली दबली असती. मांडवातला स्पीकरवाला लावेल, पण लोक आरती सुरू होईपर्यंत वेळ काढायला ऐकणार. ज्यांचे पाय ही गाणी ओळखतात त्या बायका राहतात गावात. आणि गणपतीला आमची निम्मी चाळ गावाला जाते.

पुढच्या गणपतीआधी मी दिराला चाळीतलीच टेप कोऱ्या कॅसेटींत भरून द्यायला सांगितली. पायांसकट, कुकरच्या शिट्टीसकट. दुसऱ्या बाजूला काय भरू, त्याने विचारले.

"काय नको. त्या भरतील."

अर्धी कॅसेट कोणी देतं का, लोक हसतील, असे तो बडबडत राहिला. पण त्याने भरल्या. गावाला निघालेल्या बायकांच्या पिशव्यांत मी त्या स्वतः ठेवल्या आणि सांगितले, तिकडे कोणाकडे टेप असेल तर दुसऱ्या बाजूला तुमची फुगडी भरा, आणि येताना घेऊन या.

काही आल्या, काही तिकडेच राहिल्या. नारळांच्या पिशवीतून आलेली एक माझ्या माहेराजवळच्या गावची होती. मी दुसरी बाजू लावली. सारवलेल्या खळ्यात पडणारे पाय, मऊ आणि जड. गाणे आईचेच. पण तिसऱ्या कडव्यानंतर त्या थांबल्या नाहीत. चौथे होते. ते मला आईकडून मिळालेच नव्हते.

कंपनीचा निरोप दिराकडे पुन्हा आला होता, अजून विचार करा म्हणून. तो सांगायला दारात उभा होता. मी शेजारणीला हाक मारली, तिचे हात धरले, आणि आम्ही दोघी टेपबरोबर चौथे कडवे पायांत घ्यायला लागलो. खालच्या बिऱ्हाडातून कोणीतरी छताला काठी ठोकली.

आम्ही पाय आणखी जोरात टाकले.